रकाना सत्तावीस

लेओनच्या त्या गल्लीत चामड्याचा वास
आधी भेटतो, घराचा नंबर मागून.
मी बँकेचा माणूस. बगलेत फॉर्म,
सत्तावीस रकाने,
आणि चारच्या आत परतायचं.

एउलालिया सेर्मेन्यो यांनी खुर्ची पुसून दिली,
स्वतः उभ्याच राहिल्या.
नर्सबायांचे पांढरे बूट करतात. माणसं अकरा.
यंत्रं सात, त्यातलं एक
फक्त फिदेन्सिओचं ऐकतं.
ते मी अर्धंच धरलं असतं,
पण रकान्याला अपूर्णांक चालत नाहीत.

समोरच्या शटरमागे इटलीचं यंत्र,
अजून प्लास्टिकात गुंडाळलेलं.
त्याचं कर्ज माझ्याच सहीचं.
शेऱ्यात मी लिहिलं होतं : सक्षम.
आता त्या पायरीवर एक मांजर असते,
आणि वीजबिलं, पावसाने फुगलेली.

फिदेन्सिओ कातडं पसरतो,
त्यावरून तळहात फिरवतो, डोळे भलतीकडेच.
गोचीड कुठे चिकटली होती,
काटेरी तार कुठे लागली,
गाय जिवंत असतानाचं सगळं
त्याच्या बोटांना लागतं.
मग साचा जरासा तिरका करतो,
खोट टाचेच्या आत दडते,
आणि कडेला उरतं
आणखी एका जोडाचं कातडं.

हे कधी जमायला लागलं, विचारलं,
तर हसला :
"पहिली दोन वर्षं बाईंच्या वडिलांचं
नुसतं कातडं नासलं मी.
ते रोज संध्याकाळी तुकडे मोजायचे,
आणि सकाळी नवं कातडं द्यायचे."

शेजारी इत्सेल. वय एकोणीस.
तिचा हात अजून बसायचा आहे.
तो तिला सांगत काहीच नाही,
तिने कापलेलं उचलून
उजेडाकडे धरतो फक्त.

खिळ्याला सुतळीने एक वही टांगलेली,
कोपरे तेलकट.
तारीख, चूक, कोणाची.
बाईंच्या स्वतःच्या नऊ, मी मोजल्या.
मार्चच्या पानावर :
तळवे सुटतात. बाराशे जोड परत. कारण कळेना.
त्याखाली दुसऱ्याच, शाळकरी अक्षरात :
गोंदाचे डबे पश्चिमेच्या भिंतीला आहेत.
तिथे तीननंतर ऊन येतं. नाबोर.

"नाबोर कोण?"
"झाडतो तो."
"आणि तुम्ही...?"
"डबे हलवले,"
बाई म्हणाल्या, जेवलात का विचारल्यावर
हो म्हणावं, तशा.

रकाना सत्तावीस : इतर मालमत्ता, किंमत पेसोंत.
मी लिहिलं, वही, एक.
खोडलं.
लिहिलं, हात, बावीस.
त्यातले दोन अजून बसायचे.
खोडलं.
कागद तिथे पातळ झाला,
पलीकडचा सव्वीस दिसू लागला.
शेवटी एक आडवी रेघ ओढली.
रेघेचा अर्थ आमच्याकडे
शून्य असा होतो.

निघताना बाईंनी विचारलं,
"किती मिळेल?"
"अर्धं," मी म्हणालो, "फार तर."
त्यांनी मान हलवली, आत वळून म्हणाल्या,
"इत्सेल, रुळाचं तेल या महिन्यात नको,
आधी सुया."
एवढ्यात त्यांचा वर्षाचा बेत बदलून झाला होता,
मी अजून पेनाचं टोपण शोधत होतो.

बँकेत परतलो. भिंतीवर संचालकांचे फोटो,
घड्याळ, अग्निशामक नळकांडं.
व्याजाच्या तक्त्यात एक आकडा चुकलेला आहे,
चौथ्या ओळीत.
मला तो तीन वर्षांपासून ठाऊक आहे.
बहुधा सगळ्यांनाच.

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं.
मी उठलो, पाणी प्यायलो,
परत येऊन बसलो.
पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलेलं,
फॉर्मांच्या गठ्ठ्यावर.
चार वाजून गेले होते.